गोव्यातला बदलता पाऊस: मोजायचा कसा, वाचायचा कसा

जुलै संपत आला की गोव्यात एकच विचारणा सुरू होते: यंदा इंचांची शंभरी कधी भरणार? वाळपई पुढे की सांगे, पेडणे मागे का, यावर चर्चाही रंगतात. पण पाऊस बदलतो आहे की नाही हे ठरवायला हा आकडा सर्वांत कमी कामाचा. तीन हजार मिलिमीटर पाऊस शंभर दिवसांत रोज तीसने पडला काय किंवा पंचाहत्तर दिवसांत रोज चाळीसने पडला काय, बेरीज तीच येते. विहिरीला, शेताच्या मेरेला, पोफळीच्या शेंड्याला आणि पणजीच्या गटारांना मात्र ती दोन अगदी वेगळी वर्षे असतात.

२०२३ घ्या. देशाचा जून-सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्के भरला; कागदावर किरकोळ तूट. त्याच हंगामातला ऑगस्ट मात्र १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. किंवा २००९ घ्या: देशभर दुष्काळाचे वर्ष, आणि २ ऑक्टोबरला काणकोणात महापूर. हवामान खात्याच्या हिशेबात हंगाम ३० सप्टेंबरला संपतो, म्हणजे तो पूर हंगामाच्या बेरजेत दिसतही नाही.

कारण थोडक्यात असे. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प धरण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. पृथ्वीवरचा एकूण पाऊस मात्र तेवढ्याच तापण्याने १ ते ३ टक्केच वाढतो. साठा वाढला पण एकूण खर्च तितका वाढला नाही, तर खर्च कमी वेळा आणि मोठ्या रकमेत होतो: जोराच्या सरी आणि मध्ये लांबलेली उघडीप. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवले की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही तिथला सरासरी पाऊस घटत असताना. हा निष्कर्ष उचलून गोव्याला चिकटवू नये. आपल्या पाठीशी सह्याद्री आहे, किनाऱ्यापासून घाटापर्यंतचे अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर, आणि तेवढ्यात पाऊस पार बदलतो. आपल्याकडे काय चालले आहे ते आपल्याच नोंदीत शोधावे लागते.

मापक

हवामान खात्याच्या पद्धतीचा साधा पर्जन्यमापक फायबरचा असतो. वर गोल तोंड, आत नरसाळे, खाली बाटली. तोंडाचे क्षेत्रफळ १०० किंवा २०० चौरस सेंटिमीटर. गोव्यासाठी २०० चा घ्या, आणि बाटली १० लिटरची. हिशेब सोपा आहे: २०० चौ.सें.मी.च्या तोंडातून १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. चार लिटरची बाटली २०० मिमीला काठोकाठ भरते, आणि सत्तरी-सांग्याकडे एका दिवसात त्याहून जास्त पडणे ही काही अचंब्याची गोष्ट नाही. दहा लिटरची ५०० मिमीपर्यंत पुरते. मापक ओसंडून गेला की नेमका तोच दिवस हरवतो ज्यासाठी सारा खटाटोप मांडला.

मापकाबरोबर मिमीच्या खुणांचे काचेचे माप मिळते. ते त्याच आकाराच्या तोंडासाठी असते. २०० चे माप फुटले म्हणून कुणाकडून १०० चे आणून वापरले तर त्या दिवसापासून पाऊस दुप्पट दिसू लागतो. शंका असेल तर २५० मिलिलिटरचा साधा मोजपात्राचा नळा वापरा आणि भागाकार स्वतः करा: मिलिलिटर गुणिले १०, भागिले तोंडाचे क्षेत्रफळ. उत्तर मिमीत.

पैसे घालायचे नसतील तर दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीचा मापकही चालतो. वरचा भाग कापून उलटा बसवा, तोच नरसाळे होतो. बुडाला खळगे असतात, म्हणून बाहेरून पट्टी चिकटवून उंची वाचू नका. पाणी ओतून मिलिलिटरमध्येच मोजा. तोंडाचा व्यास चार दिशांनी मोजून सरासरी काढा. ११ सें.मी. व्यासाला क्षेत्रफळ ९५ चौ.सें.मी., म्हणजे १ मिमीला ९.५ मिलिलिटर. इथे दोन मिलिमीटरची चूक झाली, १०.८ चे ११ लिहिले गेले, तर पाऊस जवळजवळ ४ टक्के कमी भरतो; तीन हजारांच्या हंगामात शंभराहून अधिक मिलिमीटर गायब. कापलेली कड उन्हाने वाकते, म्हणून दर मे महिन्यात व्यास पुन्हा मोजा. ही बाटली २०० मिमीच्या आसपासच भरते, तेव्हा मुसळधारेच्या दिवशी संध्याकाळीही एकदा मोजून रिकामी करा आणि दोन्ही आकडे बेरजेसह लिहा.

स्वयंचलित मापकात छोटी दोलती वाटी असते, ०.२ किंवा ०.५ मिमी भरली की उलटते आणि एक टिपणी पडते. तासागणिक जोर समजायला याच्याइतके दुसरे काही नाही. पण वाटी उलटत असताना वरून येणारे पाणी नीट मोजले जात नाही, म्हणून पाऊस जितका जोराचा तितका हा कमी दाखवतो. वाढत्या जोराचाच शोध घ्यायचा तर ही खोड ध्यानात ठेवलीच पाहिजे: शेजारी साधा मापक ठेवा, दिवसाची बेरीज त्याची धरा, तासांची वाटणी स्वयंचलिताची. आठवड्यातून एकदा जाळी काढून बघा. मुंग्या, कोळिष्टक, सुकी पाने, पाखरांची विष्ठा, कधी पाल. भोक अर्धे बुजले की भर दुपारचा तासाभराचा पाऊस रात्रभर ठिबकत राहतो आणि नोंदीत रिमझिम दिसते.

जागा

खरी अडचण इथे आहे, कारण गोव्यात घराभोवती मोकळे आभाळ सापडणे कठीण. नियम असा की कोणत्याही अडथळ्यापासून त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर मापक असावा. पंधरा मीटरच्या माडापासून तीस मीटर. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, हे होणे नाही. शेताचे खळे, शाळेचे मैदान, देवळासमोरचे मोकळे अंगण बघा. गच्ची टाळा, तिथे वारा तोंडावरून पाणी उडवून नेतो आणि पाऊस कमी भरतो. कड जमिनीपासून ३० सें.मी. वर आणि अगदी समतल. गवंड्याची पाणपातळी ठेवून तपासा. भोवती कोबा किंवा चिऱ्याची फरशी नको, थेंब आपटून आत उडतात. आखूड कापलेले गवत उत्तम. नरसाळ्यावर तांबड्या मातीचे शिंतोडे दिसले की समजावे, पाणी खालूनही येते आहे.

आदर्श जागा नसेल तर बरी जागा निवडा आणि मग ती सोडू नका. दीर्घकालीन बदल शोधताना थोडी वाईट पण कायम जागा ही उत्तम पण दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या जागेपेक्षा कितीतरी बरी. कायम जागाही फसवते ती झाडांमुळे. मापकापासून आठ मीटरवर लावलेले आंब्याचे कलम पंधरा वर्षांत डेरेदार होते, पाऊस दरवर्षी थोडाथोडा कमी भरतो, आणि आलेखात सुबक उतरती रेषा दिसते. तो हवामानबदल नाही, आंबा आहे. मे महिन्यात बाल्कनीपुढे आणि अंगणात पत्र्याची किंवा प्लास्टिकची पावसाळी शेड उभी राहते, तिचेही तेच. दर १ मे रोजी मापकाजवळ उभे राहून चारही दिशांचे फोटो काढून ठेवा.

रोजची नोंद

वेळ सकाळी ८.३०. हवामान खाते याच वेळी मोजते. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा पाऊस आजच्या तारखेला लिहायचा. आपल्या मनाला तो कालचा वाटतो, आणि पुष्कळ वह्या इथेच एक दिवसाने सरकतात. मग पणजीच्या आकड्यांशी ताडून बघताना काही जुळत नाही.

पाऊस नसेल तर ०.० लिहा. मोजलाच नसेल तर रेघ मारा. कोरी जागा ठेवलीत तर वर्षभराने ती शून्य होती की विसर होता ते कुणी सांगू शकत नाही. ०.१ मिमीहून कमी ओल असेल तर ‘लेश’. चवथीला तीन दिवस गावी गेलात आणि परत आल्यावर १२० मिमी साठलेले मिळाले, तर तिन्ही दिवसांना कंस घालून एकच आकडा लिहा. तीनने भागून ४०-४० लिहिण्याचा मोह होतो. त्याने कदाचित एक जोराचा दिवस पुसला जातो आणि तीन मध्यम दिवस जन्माला येतात. बाटली ओसंडली असेल तर ‘५०० हून जास्त’ असे स्पष्ट लिहा.

एकक मिमीच ठेवा. वर्तमानपत्रातले इंच २५.४ ने गुणून घ्या. शेजारच्या सावंतवाडी-बेळगावकडच्या ब्रिटिशकालीन नोंदी हाती लागल्या तर त्या इंच आणि सेंटमध्ये असतात; सेंट म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, ०.२५४ मिमी.

खाजन जमिनीजवळ (खाडीकाठी बांध घालून भरतीपासून राखलेल्या शेतांजवळ) राहत असाल तर आणखी एक रकाना पाडा: सर्वांत जोराचा पाऊस किती वाजता आणि तेव्हा भरती होती की सुकती (ओहोटी). मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, दारे भरतीला मिटतात. तीन तासांत ९० मिमी पाऊस ओहोटीला पडला तर नदीत निघून जातो, अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला पडला तर शेतात उभा राहतो. तोच पाऊस, तेच शेत. पूर वाढले की पाऊस वाढला, हे या रकान्याशिवाय वेगळे करता येत नाही.

वर्षाअखेरीस काय काढायचे

नोंद बाराही महिने ठेवा. हंगामाच्या चौकटीबाहेर बरेच काही घडू लागले आहे: मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला घासून गेले, आणि २०२५ मध्ये मोसमी पाऊस केरळात २४ मे रोजीच दाखल झाला. तो मेमधला पाऊस मोसमीच, पण जून-सप्टेंबरच्या बेरजेत धरला जात नाही. म्हणून मार्च-मे, जून-सप्टेंबर, ऑक्टोबर-डिसेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी अशा चार बेरजा वेगळ्या करा. जुने लोक मृग, आर्द्रा, पुनर्वसू असे नक्षत्रावर पाऊस सांगतात. ती तेरा-चौदा दिवसांची विभागणी आलेखाला खरोखर सोयीची आहे. नक्षत्राची तारीख सत्तरेक वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते, तेवढे आपल्या कामाला चालते.

मग स्प्रेडशीटमध्ये दर वर्षासाठी हे काढा. पावसाळी दिवस, म्हणजे २.५ मिमी किंवा अधिक पावसाचे. एकूण पाऊस भागिले पावसाळी दिवस, हा सरासरी जोर. वर्षातला सर्वांत मोठा एक दिवस आणि सर्वांत मोठे सलग पाच दिवस; मोठे पूर बहुधा पाच दिवसांच्या आकड्याशी जुळतात, कारण माती आधीच भिजून तुंबलेली असते. खात्याच्या वर्गवारीप्रमाणे ६४.५ मिमीपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार: प्रत्येक वर्गाचे दिवस मोजा. काउंटइफ सूत्राने हे मिनिटाचे काम. पण ६४.५ ची रेघ साऱ्या देशासाठी आखलेली आहे, गोव्यात ती दर पावसाळ्यात कितीतरी वेळा ओलांडली जाते. म्हणून आपल्या ठिकाणची स्वतःची रेघही काढा: सगळे पावसाळी दिवस उतरत्या क्रमाने लावा, वरच्या पाच टक्क्यांचा उंबरठा धरा, आणि दरवर्षी किती दिवस त्यावर गेले ते बघा. उंबरठा एकदाच ठरवा, दरवर्षी नवा नको.

जुलै-ऑगस्टमधली सर्वांत लांब सलग उघडीप (रोज २.५ मिमीहून कमी) हा आणखी एक आकडा, आणि पोफळीवाल्यांना सर्वांत लगेच उपयोगी पडणारा. कोळेरोगासाठी (पावसाळ्यात पोफळीची फळे कुजून गळतात तो रोग) १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना १०० लिटर पाण्यात, पावसाळ्याआधी एकदा आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा फवारायचे असते. दुसरी फवारणी कोरड्या फटीवर अवलंबून. ती फट गेली दहा वर्षे कोणत्या आठवड्यात पडली, हे वही सांगते.

सगळ्यांत बोलका आकडा मात्र हा: हंगामाचा निम्मा पाऊस किती दिवसांत पडला? दिवस उतरत्या क्रमाने लावा, वरून बेरीज करत जा, निम्म्यावर पोचलात की थांबून दिवस मोजा. हा आकडा वर्षांगणिक घटत असेल तर पाऊस थोड्या दिवसांत गोळा होतो आहे, बेरीज काहीही म्हणो.

कल खरा की भास

इथे उतावीळपणा नडतो. समजा आपल्या ठिकाणी हंगामी पावसाचे वर्षावर्षातले प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीच्या वरखाली होण्याचे माप, ५०० मिमी आहे. दहा वर्षांच्या नोंदीवर रेषा ओढली तर तिच्या उताराची प्रमाण त्रुटी (निव्वळ चढउतारांमुळे उतारात राहणारी अनिश्चितता) वर्षाला सुमारे ५५ मिमी येते. म्हणजे पाऊस त्रुटीच्या दुप्पट, वर्षाला ११० मिमीने, दशकात हजारावर, वाढला तरच तो निव्वळ योगायोगापासून वेगळा ओळखू येईल. तीस वर्षांत तीच त्रुटी १०.५ मिमीवर उतरते, आणि वर्षाला २१ मिमीचा बदल पकडता येतो. ‘गेली पाच वर्षे बघा’ म्हणणाऱ्यांना हा हिशेब दाखवावा.

पाऊस नेहमीच्या घंटाकार वाटणीत बसत नाही आणि एखादे भन्नाट वर्ष सरळ रेषेला आपल्याकडे ओढते. म्हणून मान-केंडॉल चाचणी वापरतात. तीस वर्षांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीत नंतरचे वर्ष मोठे असेल तर अधिक १, लहान असेल तर उणे १, सगळे मिळवा. दोन वर्षे सारखी नसतील तर बेरीज १११ किंवा अधिक (वा उणे १११ किंवा कमी) आल्यास ९५ टक्के विश्वासाने कल आहे म्हणता येते, म्हणजे २७३ जोड्या चढत्या आणि १६२ उतरत्या. किती, हे काढायला त्याच जोड्यांचे वार्षिक उतार काढून मधला घ्या. याला सेनचा उतार म्हणतात. वर काढलेल्या प्रत्येक आकड्यावर ही चाचणी लावा, पण दहा आकडे तपासून त्यातला जो ‘पास’ झाला तोच मिरवू नका. वीसात एक योगायोगानेच पास होतो. सुरुवातीचे वर्ष अवर्षणाचे निवडले की चढता कल हमखास मिळतो, तेव्हा पहिली दोन-तीन वर्षे वगळून पुन्हा बघा. एल निनो आणि हिंदी महासागरातल्या तापमानाचा झोका दशकभर टिकणारे चढउतार आणू शकतात, त्यांची वर्षे आलेखात वेगळ्या रंगाने दाखवा.

आपल्या वहीला तीस वर्षे व्हायला तीस वर्षे लागणार. तोवर पणजी किंवा मुरगावसारख्या वेधशाळेची जुनी दैनिक मालिका आधार म्हणून घ्या. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयातून मिळते. खात्याची १९०१ पासूनची पाव अंशाच्या चौकटींची मालिका फुकट उतरवता येते, पण एक चौकट सुमारे २७ किलोमीटरची. किनारा आणि घाट एकाच चौकटीत मिसळतात, तिथल्या टोकाच्या दिवसांवर फार विसंबू नये. राज्याच्या सरासरीबाबतही एक सापळा आहे. ती केंद्रांच्या सरासरीने काढतात. एखाद्या वर्षी वाळपईसारख्या ओल्या केंद्राची नोंद खंडली की साऱ्या गोव्याचा पाऊस ‘घटतो’. दरवर्षी तीच केंद्रे होती का, हे आधी पाहा.

आपली नोंद शाबूत आहे का तेही तपासा. आलेखाच्या एका अक्षावर जवळच्या केंद्राची पहिल्या दिवसापासूनची चढती बेरीज, दुसऱ्यावर आपली. रेषा साधारण सरळ जायला हवी. एखाद्या जागी कोपरा दिसला तर त्या महिन्यात काय झाले ते वहीत शोधा: नवे माप, वाकलेली कड, शेजाऱ्याची भिंत. त्या खुणेशिवाय आकडे दुरुस्त करत बसू नका.

वही पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात शाई फुटते. पहिल्या पानावर अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, तोंडाचा व्यास, माप कोणते आणि नोंद कोण करतो ते. मापक कधीतरी फुटणारच. नवा आणलात की लगेच जुना काढू नका. गळत नसेल तर एक पूर्ण पावसाळा दोन्ही शेजारी ठेवा, दोन्ही आकडे लिहा, आणि त्यांचे गुणोत्तर त्याच पहिल्या पानावर टिपा.